इमूच्या चित्राची वरची बाजू कोणती?

नेरुळकरीण

मंडळी, प्रश्न वाचून हसू येईल, पण आमच्या घरात पंधरा दिवस यावरून जुंपली आहे.

मुलगी ॲडलेडला असते. मे महिन्यात आली तेव्हा पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून एक चित्र घेऊन आली. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध वाळवंटात ॲलिस स्प्रिंग्स आहे, तिथून वायव्येला जवळजवळ तीनशे किलोमीटरवर युएन्डुमू नावाची वार्लपिरी या तिथल्या आदिवासी लोकांची वस्ती. चित्र काढणारी बाई तिथली. कापडावर ॲक्रिलिक रंग, अडीच फूट बाय अडीच फूट, पक्कं चौकोनी. चौकोनी आहे हीच तर गोची.

मुलगी म्हणाली प्राण्यांचं चित्र आहे. मी उलगडून बघते तर प्राणी एकही नाही. लाल, केशरी, मध्येच चक्क राणी रंगाचे ठिपके, बाजरी सांडल्यासारखे. मधोमध एकात एक वर्तुळं. आणि चहूकडून बाण. काही करंगळीएवढे, काही त्याच्या निम्मे. एका कोपऱ्यात घोड्याच्या नालासारखा आकार. सोबतच्या कागदावर ‘यांकिरी जुकुर्पा’ असं नाव आहे. यांकिरी म्हणजे इमू, आणि जुकुर्पा म्हणजे त्यांच्या पूर्वजांची, जमीन घडली त्या काळाची कथा.

आता वाद. हे तीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. यांचं म्हणणं, कापडाच्या मागे नंबर लिहिलाय, तो सरळ वाचता येईल ती बाजू वर. जावई म्हणतात, बहुतेक बाण ज्या दिशेला आहेत ती वर. माझं म्हणणं, हे बाण नाहीतच.

मला हे कुठून कळलं तर मोहोळच्या चुलतभावाच्या आवारातून. पंधराएक वर्षांपूर्वी इमूपालनाची लाट आली होती, आठवतं का? पिल्लं आमच्याकडून घ्या, वाढवा, अंडी-तेल-मांस सगळं आम्हीच परत घेऊ. त्यानेही तारेचं कुंपण घालून बावीस इमू ठेवले. परत घेणारे एक दिवस फोनच उचलेनासे झाले, आणि हा बावीस तोंडांना मका घालत बसला. ते रामायण असो. पण त्या आवारात पहिल्या पावसानंतर चिखलात जे ठसे उठत ना, ते अगदी हेच. तीन बोटं पुढे फाकलेली, मागे टाचेशी एकत्र आलेली. म्हणजे ज्याला जावई बाणाचं टोक म्हणतात ती टाच आहे, आणि पक्षी चाललाय उलट्या दिशेला! जावयांच्या म्हणण्याप्रमाणे लावलं तर सगळे इमू खालच्या शोकेसकडे निघालेत.

तर विचारायचंय ते असं. वर कोणती बाजू? कागदावर ‘वार्डिल्का’ असा शब्द आहे, इमूंचं आणि वार्डिल्कांचं भांडण झालं म्हणे, ते कोण? चित्रकर्तीचं आडनाव नांपिजिन्पा आहे आणि मुलीने तिथल्याच कलाकेंद्रात दुसऱ्या बाईचंही तेच आडनाव पाहिलं, त्या बहिणी का? आणि शेवटचं, पावसाळा लागलाय, आमची हॉलची भिंत बाहेरून पाणी पिते, तर काच लावून फ्रेम करू की तशीच?

फोटो टाकत नाही. मुलीने बजावलंय.

करावेचा_बगळा

काकू, तुम्ही शंभर टक्के बरोबर, जावईबापूंना सांगा. पुन्हा कधी टी. एस. चाणक्यच्या मागे चिखलावर या, दाखवतो. बगळ्याचं पाऊल उमटलं की मागे चौथ्या बोटाची लांब रेघ दिसते, कारण त्याला फांदीवर बसायचं असतं. इमूला मागचं बोटच नाही. तीन बोटं आणि टाच, संपला विषय. जुन्या पोथ्यांत लिहिताना राहून गेलेलं अक्षर घालायला जी खूण करत तिला काकपद म्हणायचे. तीही पावलावरूनच आलेली, आणि तीही लोकांना बाण वाटते.

वार्डिल्का वाचून मात्र मी चहा ठेवून उठलो. ऑस्ट्रेलियन बस्टर्ड! म्हणजे आपल्या माळढोकाचा सख्खा चुलतभाऊ. दोघांची प्रजाती एकच, आर्डेओटिस. तसाच उंच मानेचा, डोक्यावर काळी टोपी, उघड्या गवताळ माळावर राहणारा, जड अंगाचा. त्यालाही मागचं बोट नाही. म्हणजे चित्रातल्या लहान खुणा इमूच्या पिल्लांच्या नसून बहुधा याच्या असाव्यात. एक तपासा: लहान खुणा आणि मोठ्या खुणा एकाच रांगेतून चालल्यात, की वर्तुळापाशी समोरासमोर येतायत?

आपल्या माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर-नगर भागात अभयारण्य झालं, नान्नजला. मी तिथे तीन हिवाळे गेलो. काळवीट पाहिले, लांडगा पाहिला. माळढोक एकदाही नाही. आता जे उरलेत ते बहुतेक राजस्थानात, जैसलमेरकडे. तिकडचा चुलतभाऊ तुलनेने बराच बरा आहे.

घोडबंदरवाला

वारलीसारखंच झालं की हे. गोल काढायचे, ठिपके भरायचे. माझी मुलगी मानपाड्याला क्लासमध्ये ‘डॉट पेंटिंग’ शिकली, दोन तासांत कासव तयार. वरखाली काय त्यात, कसंही लावा, छानच दिसतं.

जव्हारचा_कळव्यात

घोडबंदरवाले दादा, मी वारली आहे, म्हणून दोन शब्द.

आमच्याकडे लग्नाला भिंतीवर चौक काढतात. सवाशिणी काढतात. त्यात पालघाट देवी बसते, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणं म्हणते तेव्हा देवी येते. चौक हे चित्र नाही, ते कार्य आहे. माझी आजी तांदळाच्या पिठाने काय वाट्टेल ते काढून दाखवायची, मोर काढायची, मुंग्या काढायची, पण लग्न नसताना चौक काढ म्हटलं तर मारायला उठायची. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी आमच्या भागात आले, कागद-रंग दिले, आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे रोज चित्रं काढायला लागले. पुरुष माणूस, आणि लग्नाशिवाय! तेव्हा ते नवलच होतं. त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली. तेव्हा डहाणू आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर वेगळा झाला तो २०१४ ला. आता वारली कुर्त्यांवर आहे, मगवर आहे, उड्डाणपुलाखालच्या खांबांवर आहे. ती माणसं कुठली कोणी विचारत नाही. म्हणून ‘सारखंच’ म्हटलं की मला जरा टोचतं.

पण ताईंचा प्रश्न मला फार आवडला. आमचा तारपा नाच बघा. नाचणाऱ्यांचा फेर वरून पाहिल्यासारखा, घारीने बघावा तसा. आणि त्याच फेरातली माणसं मात्र बाजूने पाहिलेली. फेराच्या खालच्या अंगाची माणसं कधी डोक्यावर उभी असतात, कधी आडवी. इतकी वर्षं सगळे बघतात, कोणी विचारत नाही की याची वरची बाजू कोणती. तुम्ही विचारलंत.

वर्तकनगरची_सिस्टर

नेरुळकर ताई, मी तीन वर्षं ॲलिस स्प्रिंग्सला नर्स होते. चित्रांतली तज्ज्ञ नाही. पण बायका चित्र काढताना पुष्कळ पाहिल्यात, तेवढ्यावर सांगते.

वरची बाजू नाही. कापड जमिनीवर पसरलेलं असतं, बाई शेजारी मांडी घालून बसते, एका बाजूचं झालं की कापड फिरवते किंवा स्वतः सरकते. आजूबाजूला चारपाच कुत्री. एखादं कापडावरूनही जातं, मग शिव्या. दुसरी कोणी समोरच्या बाजूने ठिपके भरायला बसते. ते कापड म्हणजे जमिनीचा तुकडा आहे, वरून बघायचा. या लोकांच्या बोलण्यातही डावं-उजवं कमी. ‘जरा दक्षिणेला सरक’ असं म्हणतात, खाटेवरच्या पेशंटसुद्धा. आपल्याकडे गावात उगवतीकडचं शेत, मावळतीचा गोठा म्हणतात तसंच.

हे कापडावर येण्याआधी वाळूवर होतं. आजी नातवंडांना गोष्ट सांगताना बोटांनी वाळूत काढते. नालासारखा आकार म्हणजे बसलेलं माणूस, बुडाचा आणि मांड्यांचा ठसाच तो. वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम. एक प्रसंग संपला की तळहाताने सपाट करायचं आणि पुढचा. कांगारूचं पाऊल कसं, घोरपडीच्या शेपटीची नागमोडी रेघ कशी, हे पोरं अक्षरओळखीआधी शिकतात. शिकार त्यावर चालायची, त्यामुळे चुकून चालणार कसं? माझी एक म्हातारी पेशंट वॉर्डातल्या फरशीवरचे बुटांचे ओले ठसे बघून कोणती सिस्टर येऊन गेली ते सांगायची.

कापड-रंग आले ते १९७१ नंतर. पापुन्या नावाच्या वस्तीत जेफ्री बार्डन हे शाळामास्तर होते, तिथल्या जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांची कथा रंगवली, तिथून सुरुवात. सुरुवातीच्या चित्रांत जे सगळ्यांनी पाहू नये तेही आलं, त्यावरून आपसात बोलणी झाली, आणि मग झाकायचं ते ठिपक्यांखाली जायला लागलं. तुमच्या युएन्डुमूत १९८३-८४ला पाच वडीलधाऱ्यांनी शाळेचे तीस दरवाजे रंगवले, पोरांनी आपल्या जागांच्या कथा विसरू नयेत म्हणून. पोरांनी त्यावर वर्षानुवर्षं आपली नावं कोरली ती वेगळीच. ते दरवाजे आता ॲडलेडच्या साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियमकडे आहेत, मुलीला सांगा. तिथलं कलाकेंद्र १९८५चं.

नांपिजिन्पा हे आडनाव नव्हे. वार्लपिरींत माणसांचे आठ गट, प्रत्येकात पुरुषाचं नाव वेगळं आणि बाईचं वेगळं. पुरुषाचं ज ने सुरू होतं, बाईचं न ने. तिचा भाऊ जांपिजिन्पा. वडील मात्र जांगला, आणि आजोबा परत जांपिजिन्पा. आपण आजोबांचं नाव नातवाला ठेवतो तसं, फक्त इथे ते आपोआप होतं. तेव्हा त्या दोघी सख्ख्या बहिणी असतील किंवा शंभर किलोमीटर लांबच्या असतील, नात्याने बहिणीच.

इमूची ही कथा नांपिजिन्पा-नांगला बायकांची आणि जांपिजिन्पा-जांगला पुरुषांची. वडिलांकडून हक्क आलेला तो किर्डा. आईच्या बाजूने जो नात्यात लागतो तो कुर्डुंगुर्लू, त्याने बघायचं की कथा नीट मांडली जातेय ना. आपला मामा जसा लग्नात पाठीशी उभा राहतो, पण चुकलं तर पहिला बोलतोही तोच. दुसऱ्या कोणी उठून ही कथा रंगवायची नाही, कितीही सुंदर काढता येत असली तरी. म्हणून घोडबंदरवाले, कासवाचं जपून. नव्वदीत एका व्यापाऱ्याने आदिवासी चित्रकारांची चित्रं न विचारता व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून आणली. पायाखाली यायच्या वस्तूवर, आणि त्यातले काही चित्रकार तर वारलेले. १९९४ला कोर्टाने सुमारे १ लाख ८८ हजार डॉलर भरपाई द्यायला लावली.

कथा थोडक्यात: ङार्लिकुर्लांगू नावाच्या जागी इमू आणि बस्टर्ड यांचं याकाजिरी फळांच्या वाटणीवरून भांडण झालं. याकाजिरी म्हणजे वांग्याच्या कुळातलं वाळवंटी झुडूप, फळं झाडावरच वाळून मनुक्यासारखी होतात. (आपल्या वर्णमालेतला बेकार बसलेला ङ मला तिथे पहिल्यांदा कामाला लागलेला दिसला. नाव ङ नेच सुरू होतं, न्ग म्हणाल तर हसतात.)

फोटो टाकला नाहीत ते फार बरं केलंत. चित्रकर्तीचं पूर्ण नावही नका टाकू. माणूस गेलं की त्याचं नाव बराच काळ घेत नाहीत तिथे, आणि आपल्याला इथे बसून काय कळणार.

नौपाड्याचा_फ्रेमवाला

वरचं सगळं वाचलं, आता भिंतीचं बोला.

काच नको. ॲक्रिलिक उकाड्यात किंचित मऊ राहतं, काचेला टेकलं की चिकटतं, आणि आत ओल धरली की बुरशी. कापड सागाच्या किंवा चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या चौकटीवर ताणून घ्या, मागून पिन मारून. प्लायवर फेविकॉलने चिकटवून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या दुकानातून बाहेर पडा. कडेचं रिकामं कापड कापू देऊ नका, ते मागे दुमडायचं असतं. नंबर झाकू नका. इस्त्री तर अजिबात नको, एक गिऱ्हाईक करून घेऊन आलं होतं, मी बघूनच खाली बसलो.

गुंडाळून ठेवायचं झालं तर रंग बाहेरच्या बाजूला, जाड नळीवर, वर सुती कापड. प्लास्टिक किंवा बुडबुड्यांचा कागद रंगाला टेकवायचा नाही, बुडबुड्यांचे ठसे उठतात.

बाहेरून पाणी पिणाऱ्या भिंतीवर काहीच लावू नका, आतल्या भिंतीवर लावा. मागे चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे, म्हणजे हवा खेळते. आणि वरखालीचं एवढं टेन्शन असेल तर चारही बाजूंना कडी मारून देतो. कड्यांचे पैसे नाही घेणार.

नेरुळकरीण

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय कारण मध्ये आईची गंमत झाली.

आई शहाऐंशीची, आमच्याकडेच असते. माहेर नान्नजजवळ. चित्र दिवाणावर होतं म्हणून तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं, तिला वाटलं मी चादर पसरलीय. बगळेदादांचं माळढोकाचं तिला वाचून दाखवलं. म्हणाली, “माळढोक म्हंजे हूम का?” त्याच्या आवाजावरून तिच्याकडे हूम म्हणतात. मग चष्मा मागितला.

दिवाणाच्या कडेला बसून तिने एकेका खुणेवर बोट ठेवलं. कागद वाचलेला नाही, इंग्रजी येत नाही. “ह्यो मोठा हिकडनं पाण्याला आलाय. ह्यो बी. हे बारके पलीकडनं. हितं लई तुडवलंय.” वर्तुळापाशी खरंच मोठ्या आणि लहान खुणा एकमेकांत घुसल्यात, आम्हाला ती नक्षी वाटली होती. बगळेदादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: समोरासमोर.

मग तिच्या वडिलांचं निघालं. पहाटे ज्वारीच्या रानाकडे जाताना ते वाटेतल्या पावलांपाशी थांबायचे, काठी आडवी धरून दोन पावलांतलं अंतर बघायचे आणि सांगायचे, चालत गेलाय का पळालाय. लांडग्याचं आणि कुत्र्याचं पाऊल वेगळं कसं ते त्यांनी तिला मातीत काढून दाखवलं होतं. नर हूम गळ्याची पिशवी फुगवून उभा राहायचा तो तिने स्वतः पाहिलाय, दोनदा. “लुगडं वाळत घातल्यागत दिसायचा.” मी तिच्या पोटची, बासष्ट वर्षांची, आणि यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. कधी विषयच निघाला नाही. नेरुळमध्ये कशावरून निघणार!

मुलीला व्हिडिओवर दाखवलं तर ती म्हणाली, आजीला विचार कोपऱ्यातला नाल कोण. आई म्हणाली, “राखण बसलंय.” सिस्टर, बरोबर का? नसेल तरी सांगू नका तिला.

घोडबंदरवाल्यांनी मला वेगळा निरोप पाठवून विचारलं की मुलीने मग काय काढावं. मी म्हटलं, ती रोज शाळेत जाते त्या रस्त्यावर काय काय पाऊल उमटतं ते काढू दे. म्हणाले, रस्ता काँक्रीटचा आहे.

नौपाड्याला जाऊन आलो. साग, चार कड्या, चार बुचं. आतल्या भिंतीवर लावलंय, आई बसते त्या खुर्चीसमोर, पण नेहमीपेक्षा हातभर खाली, म्हणजे तिला बसल्या बसल्या वरून बघितल्यासारखं दिसतं. जावई म्हणतात असं कोणी लावत नाही. यांनी काही न बोलता चौकटीच्या लाकडावर मागून पेन्सिलने १, २, ३, ४ घातलंय, कापडावर नाही. दर महिन्याच्या एक तारखेला फिरवणार म्हणे. सध्या ३ वर आहे.